ओटी, माजघर आणि मनाचं सोवळं

हल्ली ऑफिसात कुणाला साधं ‘काय गं, डोळे का सुजलेत?’ असं विचारायचीही सोय राहिलेली नाही. लगेच उत्तर येतं, ‘सध्या मला जरा स्पेस हवीये.’ स्पेस! हा शब्द पूर्वी फक्त ब्रेकअपच्या आधी आठवडाभर भेटायचा. आता तो कँटीनच्या रांगेत आपल्या पुढेच ट्रे घेऊन उभा असतो. त्याच्या मागोमाग बाउंड्री, टॉक्सिक, ड्रेनिंग ही सगळी भावंडं. मावसबहिणीने सलग तीन व्हॉइस नोट पाठवल्या, की ती ड्रेनिंग. कुणी आपल्या प्रेझेंटेशनमधली चूक दाखवली, की तो टॉक्सिक. ब्लॉक, म्यूट, आर्काइव्ह... तीन बटणांत माणूस खल्लास.

दुसरी गँग याच्या बरोब्बर उलटी. ‘सगळ्यांचा खांदा’ गँग. यांना रात्री दीड वाजता कुणीही फोन करावा आणि मनसोक्त रडावं. पहाटे चारला यांचं स्टेटस बदलतं, ‘लोकांना आपली किंमत नसते.’ सकाळच्या मीटिंगला ही मंडळी डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन हजर. विचारलं तर म्हणणार, ‘काय करू, माझा स्वभावच असा!’

माझा मुक्काम या दोन गँगच्या मधल्या डिव्हायडरवर. आणि त्यात मी ख्रिस्ती. हो, मराठी ख्रिस्ती. आडनाव ऐकून लोक आधी गोंधळतात, मग विचारतात, ‘म्हणजे घरी इंग्लिश बोलता?’ नाही हो, घरी आम्ही नगरी बोलतो, आणि आजी चिडली की अस्सल राहुरीची. तर ऑफिसात एक समज पक्का आहे, की ख्रिश्चन म्हणजे दुसरा गाल. शनिवारची शिफ्ट बदलून हवीये? हिला विचार, ही नाही म्हणणार नाही. कुणाला बॉसवर तासभर आग ओकायचीये? हिच्या डेस्कवर जा, ही ऐकून घेते. माझ्या कपाळावर जणू ‘येथे क्षमा मिळेल’ अशी पाटीच लावलेली आहे.

राहते मी चौकला. पत्ता सांगितला की हमखास प्रश्न येतो, ‘कुठला चौक?’ अहो, चौक हेच गावाचं नाव. खालापूर तालुका, जुना मुंबई-पुणे रस्ता, मान वर केली की इर्शाळगडाचा सुळका. बाबांची नोकरी रसायनीला होती, म्हणून नगरकडचं आमचं कुटुंब इथे येऊन रुजलं. मी रोज पनवेल गाठते आणि तिथून लोकलने बेलापूर. गावाच्या नावाचा इतिहास मला विचारू नका, पण शब्द मला जाम आवडतो. चौक म्हणजे रस्ते एकत्र येतात ती जागा, कुणीही यावं, कुणीही जावं. आणि जुन्या वाड्यातला चौक म्हणजे चार भिंतींच्या आतली, पण वरून आभाळाला उघडी असलेली जागा. एकाच शब्दात दोन्ही.

जुन्या घरांची एक गंमत होती. पोस्टमन, वाटसरू, उधारी मागायला आलेला वाणी, सगळ्यांना ओटीवर बसायला मिळायचं, गूळपाणी मिळायचं. पण ओटीवरून माजघरात कुणी यायचं, हे घर ठरवायचं. आणि ओटीवरच्या माणसाला त्यात अपमान वाटायचा नाही. आता आमच्या वन बीएचकेत मेन डोअर उघडलं की थेट बेडवरची चादर दिसते. मनांचंही तसंच झालंय की काय कोण जाणे! एक तर दार बंद, नाहीतर थेट बेडरूम. मधली ओटी गायब.

हे मला कधी सुचलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. कारणं काय होती ते सोडा. तेव्हा मी एका प्रार्थनागटात जात होते. तिथल्या एका काकूंना मी सगळं सांगितलं. रडत रडत, अगदी आत आत काय वाटतंय तेही. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात गट भरला आणि काकू डोळे मिटून म्हणाल्या, ‘आपल्या एका बहिणीचं लग्न मोडलंय. मी नाव घेत नाही. ती चौकला राहते, बेलापूरला नोकरी करते. तिच्यासाठी प्रार्थना करू या.’

चौकहून बेलापूरला नोकरीला जाणाऱ्या किती बहिणी त्या गटात होत्या, सांगा पाहू!

ख्रिस्ती मंडळींना हा प्रकार चांगला ठाऊक असेल. प्रार्थनेची विनंती हा आमच्याकडचा सगळ्यात पवित्र गॉसिप फॉरमॅट आहे. (तुमच्याकडे तो हळदीकुंकवाला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर असतो, फार हसू नका.) त्यानंतर मी ‘मस्त’ झाले. कशी आहेस? मस्त. काम कसं चाललंय? मस्त. वर्षभर मी या एका शब्दावर काढलं. कुणी जवळ येतंय असं वाटलं की मी दोन पावलं मागे. मनाला चक्क सोवळं नेसवलं होतं मी. धुतलेलं, वाळवलेलं, कुणी शिवायचं नाही.

सोवळं हा शब्द इथे उगाच नाही आला. त्याच काळात घरातलं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात आलं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं, शेवटचा भाग बाई गेल्यावर. आमच्यासारख्या घरांत बायबलच्या शेजारी हे पुस्तक असतं. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातला उतारा शाळेत वाचला असेल आणि परीक्षेनंतर विसरलाही असाल. आता वाचा. सॉलिड विनोदी बाई आहे. स्वतःच्या हालअपेष्टा अशा सांगते, की आपण आधी हसतो आणि पान उलटल्यावर घशात काहीतरी अडकतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील सोवळ्याने पार झपाटलेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, माणसांनी याला शिवायचं नाही, त्याला शिवायचं नाही. अख्खं घर या धुण्याखाली चिंब आणि बेजार. हे वेड आलं कुठून? तर १८५७च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने धरलं. मी हे आधीही वाचलं होतं, पण लग्न मोडल्यावर वाचलं तेव्हा एकदम उजेड पडला. तो माणूस घाण धूत नव्हता. भीती धूत होता. जगाने एकदा इतकं भयंकर काही घरात आणून टाकलं, की आता बाहेरचं काहीही धुतल्याशिवाय आत नको. फरक इतकाच, की त्यांच्याकडे विहीर होती आणि आपल्याकडे ब्लॉक लिस्ट. आणि धुण्याचा त्रास भीतीला होत नाही, घरच्यांना होतो.

पुढे अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. रेव्हरंड टिळक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते हे कवी. हा माणूस सासऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला. याच्या मनाला दारच नाही. हातात पैसा टिकणार नाही, कुणी मागितलं की दिलं. कुणालाही घरी घेऊन यावं. घरात उद्याचं पीठ आहे का, हा प्रश्न कवींच्या गावी नाही, तो लक्ष्मीबाईंच्या डब्यात. ‘सगळ्यांचा खांदा’ गँगचे आद्य सभासदच म्हणा ना. आणि या खांद्याचं बिल कायम बायको भरतेय. चर्चमध्ये टिळकांच्या उदारपणाची उदाहरणं खूप ऐकली आहेत मी. पण ती ऐकताना मला नेहमी स्वयंपाकघरातली बाई दिसते.

फेब्रुवारी १८९५मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात याचा अर्थ काय, हे आज नीट कल्पनाही करता येणार नाही. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. काही वर्षांनी त्या पुन्हा टिळकांकडे राहायला आल्या, त्या स्वतःच्या अटीवर. माझी चूल वेगळी, माझं पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती, आजूबाजूला मिशनची माणसं, आणि या आपल्या सोवळ्यात. आजची भाषा वापरायची तर ही बाउंड्री. पण गंमत बघा, ही बाउंड्री त्यांनी नवऱ्याच्या गावात, नवऱ्याच्या घराला लागूनच आखली. दूर माहेरी बसून नाही. ‘मी आले आहे, पण अजून एवढीच आले आहे’ असं सांगणारी ती चूल.

मग एका रात्री त्यांच्याच डोक्यात प्रश्न उभा राहिला. माणूस देवाने केला, मग जाती कुणी केल्या? रात्रभर त्यांनी त्याच्याशी झटापट केली आणि सोवळं सुटलं. कुणी ओढून फेडलं नाही. १९००मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे याच बाईंच्या घरात दुष्काळातली पोरकी मुलं वाढली. ज्या बाईला परक्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या बाईच्या घरात.

मला त्या वेगळ्या चुलीचं फार मोल वाटतं. आमच्या गटातलं कुणी तिथे असतं तर म्हणालं असतं, ‘ताई, हृदय उघडा, विश्वास ठेवा, अजून किती दिवस?’ आणि एखादी आधुनिक कोच म्हणाली असती, ‘त्या घरात परत जायचंच कशाला? यू डिझर्व्ह बेटर.’ दोघींनीही घाई केली असती.

बरं, आता खुद्द येशूकडे येऊ. दुसऱ्या गालावरून ज्याच्या नावाने माझ्या शिफ्ट बदलल्या जातात, तो. मी शुभवर्तमानं या एकाच डोळ्याने पुन्हा वाचली, की हा माणूस ‘नाही’ कधी म्हणतो? भरपूर वेळा म्हणतो! मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमला संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमतं, आजारी माणसं घेऊन. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हा उठून एकटाच निर्जन जागी जाऊन बसतो. पेत्र धापा टाकत शोधत येतो, सगळे तुलाच शोधताहेत म्हणतो. आपण काय केलं असतं? ‘आलो, आलो’ म्हणत पळालो असतो, नाहीतर फोन फ्लाइट मोडवर. येशू म्हणतो, चल, शेजारच्या गावांत जाऊ. गर्दीकडे परत जात नाही. पण माणसांकडे मात्र जातो. योहान तर स्पष्टच लिहितो, की सणाला जेरुसलेमात त्याच्यावर फिदा झालेल्या लोकांवर येशूने आपला भार टाकला नाही, कारण तो माणसं ओळखून होता.

आणि शेवटची रात्र घ्या. त्या रात्री त्याने पाय सगळ्यांचे धुतले. यहूदाचेसुद्धा, तो काय करणार हे माहीत असताना. नंतर गेथशेमाने बागेत गेल्यावर त्याने बाकीच्यांना एका जागी बसवलं, पेत्र, याकोब, योहान या तिघांनाच पुढे नेलं, आणि माझा जीव कासावीस झालाय हे त्या तिघांनाच सांगितलं. मग आणखी थोडं पुढे तो एकटा. ओटी, माजघर, देवघर. पाय धुवायला ओटीवरचा प्रत्येक जण चालतो. आतलं दुखणं सांगायला तिघं. प्रेम आणि भरवसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आमच्या गटात त्या एकाच पिशवीत भरून वाटल्या जातात, इथे सगळा घोळ आहे.

त्या काकूंना मी माफ केलंय का? केलंय. त्यांचा गुडघा दुखतो, मी औषध आणून देते, मनापासून. माझं काही सांगते का? अजिबात नाही. एक-दोघांनी मला सुनावलं, की मग ती माफी खरी नव्हे. मी म्हटलं, पेत्राने तीनदा नाकारल्यावर येशूने त्यालाही तीनदा विचारलंच की, माझ्यावर प्रीती करतोस का म्हणून. काकूंना अजून कुणी एकदाही विचारलेलं नाही.

इथे म्यूट-गँगने खूश व्हायचं कारण नाही. बागेतले ते तिघंही झोपले, लक्षात आहे ना? अगदी निवडून, पारखून घेतलेली माणसं. त्यांना उठवलं, पुन्हा झोपली. निवड चोख केली म्हणून दुखणार नाही, अशी गॅरंटी त्यालाही मिळाली नाही. तरी त्याने त्यांना ब्लॉक केलं नाही. सकाळी समुद्रकाठी त्यांच्यासाठी मासे भाजणारा तोच.

आता दुसऱ्याचं ओझं उचलण्याविषयी. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल, गुड समॅरिटन. जेरुसलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता, म्हणजे साधारण हजार मीटरचा उतार. त्यांचा बोरघाटच. लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. दोन धार्मिक माणसं कडेने निघून जातात. (एक्सप्रेसवे व्हायच्या आधी घाटातली सगळी वाहतूक आमच्या चौकमधून जायची. अपघात बघून काच वर करणाऱ्या गाड्या इथल्या जुन्या लोकांनी पुष्कळ पाहिल्यात.) मग येतो शोमरोनी, ज्याला यहुदी लोक शिवूनही घेत नाहीत. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो. इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. पुढचं कुणी नीट वाचत नाही. तो एक रात्र तिथे राहतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, वर सांगतो की याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आणि आपल्या कामाला निघून जातो!

त्या जखमी माणसाला तो घरी नेत नाही. स्वतःचा धंदा सोडून त्याच्या उशाशी महिनाभर बसत नाही. पण दोन दिनार टाकून ‘टेक केअर’ही म्हणत नाही, परत यायचं बोलून जातो. आणि ज्याचं काम पाहुण्यांना ठेवून घ्यायचं आहे, त्या माणसाला मध्ये घेतो. इतकी प्रॅक्टिकल दया मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझ्या टीममधली एक मैत्रीण. नाव नाही, गाव नाही, प्रार्थनाविनंती तर नाहीच नाही. तिचं आणि नवऱ्याचं बिनसलं होतं. रोज रात्री साडेअकराला फोन. पहिला महिना मी ऐकलं. दुसऱ्या महिन्यात फोनची रिंग ऐकून माझ्या पोटात गोळा यायला लागला. तिसऱ्या महिन्यात ती बोलायची आणि मी छताकडे बघत ‘हं, हं’ करायचे. म्हणजे फोन चालू, दार बंद. हा तर म्यूटपेक्षा वाईट प्रकार.

मग एका दुपारी चहा घेताना तिला समोर बसवून सांगितलं. रात्री साडेदहानंतर मी फोन घेणार नाही, झोप गेली की मी माणसात राहत नाही. पण दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी तुझी. फोन बॅगेत. आणि रात्री फारच वाईट वाटलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६. टेली-मानस, सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२पासून, चोवीस तास, मराठीत बोलतात. तिथे फोन करायचा आणि मग मलाही, तेव्हा वेळ बघायची नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं, कारण साडेदहाचा नियम झोपेसाठी आहे, जिवासाठी नाही.

ती चिडली. ‘तूसुद्धा?’ म्हणाली. पहिल्या शनिवारी आली नाही. दुसऱ्याही नाही. मी पनवेल स्टेशनबाहेरच्या हॉटेलात दोन तास बसून दोन चहा आणि एक मिसळ संपवली, मेसेज केला, ‘मी इथे आहे, बाराला निघते.’ तिसऱ्या शनिवारी पावणेबाराला आली. पंधरा मिनिटंच बोललो आम्ही. पण त्या पंधरा मिनिटांत मी छताकडे बघितलं नाही. आता ती एका समुपदेशक बाईंकडेही जाते. नवऱ्याचं काय झालं? अजून चाललंय. सगळंच थोडं तीन शनिवारांत मिटतं!

एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे असा सुटसुटीत हिशेब नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री आमच्या डोक्यावरच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी. ट्रेकला जाणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी तिथल्या अंगणात चहा घेतला असेल, भाकरी खाल्ली असेल. वाडीला गाडीरस्ता नव्हता, पोकलेन चढणं अशक्य, पावसात, चिखलात माणसं हाताने उपसत होती. २३ जुलैला शोध थांबला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. स्वतःला जपत मदत करा, वगैरे मी वर बरंच लिहिलंय. त्या माणसापुढे मला त्यातलं एक वाक्य मोठ्याने वाचवणार नाही. तो रात्री चढायला लागला, कारण वर माणसं होती. संपलं.

वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या घरांत आली. पुढे सिडकोने त्यांच्यासाठी जवळच पक्की घरं बांधली. त्या सुरुवातीच्या दिवसांत चौकला माणसांचा पूर आला होता. तांदूळ, ब्लँकेटं, कपडे, कॅमेरे. बहुतेक सगळे चांगल्या मनाचे. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, त्या रात्री नेमकं काय झालं? आपलं मन उघडं आहे हे दाखवायला आपण समोरच्याचं मन उचकटत असतो, हे तेव्हा दिसलं. दारंसुद्धा न उरलेल्या माणसांना दार लावून घ्यायचा हक्क कुणी देत नव्हतं.

बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. मुलंबाळं, घरदार, सगळं एका दिवसात गेलेला माणूस. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. पुढे ते बोलायला लागतात आणि तिथून सगळं बिघडतं, पण ते सात दिवस नंबर वन. आमच्या बाजारात डोंगरातल्या बायका पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं घेऊन बसतात. त्या वर्षी दरडीनंतर पहिल्यांदा त्यांच्यातली एक ओळखीची मावशी दिसली तेव्हा आमची आजी तिच्याजवळ गोणपाटावर बसली. गुडघे दुखत असताना. तिने भारंगीची जुडी घेतली, पैसे दिले आणि तशीच बसून राहिली. अर्ध्या तासाने मावशीच म्हणाली, ‘म्हातारे, ऊन लागंल, जा घरला.’ दोघींमध्ये एवढंच बोलणं. त्यानंतरच्या आठवड्यात आजी पुन्हा बसली. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मावशी बोलली म्हणे, काय ते आजीने आम्हाला कधी सांगितलं नाही. प्रार्थनेतही नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं मैत्रिणींना, काकूंना ठीक आहे, पण आईचं काय? रोज रात्री ‘जेवलीस का’पासून सुरू होऊन ‘परवा एक स्थळ आलंय’पर्यंत पोचणाऱ्या आईला कुठली ओटी आणि कुठलं माजघर? खरं सांगू, त्यावर माझ्याकडे काही फंडा नाही. तिच्याकडे मागच्या दाराची किल्ली आहे आणि माझ्या फोनचा पासवर्डही. हे लिहीत असतानाही ती दोनदा आत येऊन गेली, आणि जाताना ‘काकूंबद्दल लिहितेयस का?’ म्हणून विचारून गेली.